पाचवी पाटी

ठशांची वही उघडली आणि त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

पितळी पाट्या कोरणं हा त्याचा धंदा. पाटी दुकानाबाहेर जाण्याआधी तिच्यावर पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल घासायची आणि उमटलेला ठसा वहीत डकवायचा, ही वडिलांच्या वेळची शिस्त. या खेपेला घाईत ठसे काढून वहीत नुसते सारले होते. आज रविवारी दुपारी डिंकाची बाटली घेऊन बसला, तर पाचव्या कागदावर नजर खिळली.

शहरातला ज्यू समाज मूठभर. दहाजण जमले की प्रार्थना होते आणि अकरावा आला की भांडण, असं तो स्वतःच म्हणायचा. त्या भांडखोर समाजाने यंदा एकमताने, म्हणजे सहा बैठकांनंतर, आपल्यातल्या पाच कर्तबगार माणसांचा सत्कार ठरवला होता. त्यांच्या नावाच्या पाट्या सिनेगॉगच्या हॉलमध्ये कायमच्या लागायच्या होत्या. एक वकील, एक मुख्याध्यापक, एक घड्याळजी, एक ग्रंथपाल आणि पाचवी त्याची थोरली बहीण. तिने चाळीस वर्षं सुईणपण केलं होतं. अर्धा समाज पहिल्यांदा रडला तो तिच्या हातांत.

ताईचं नाव, ताईचं काम, सगळं नीट होतं. पण खाली हिब्रूत आणखी एक ओळ होती: हिची आठवण आशीर्वाद ठरो.

ही ओळ फक्त गेलेल्या माणसाच्या पाटीवर घालतात. सिनेगॉगच्या जिन्याची भिंत असल्या पाट्यांनी भरलेली होती आणि त्यातली निम्मी त्याच्या हातची होती. पाट्या कागदात गुंडाळून गेल्या, भिंतीवर लावल्या त्या बाहेरच्या सुताराने. त्याला हिब्रू काय कळणार? वर लगेच पडदा ओढला गेला. म्हणजे अजून कुणी पाहिलं नव्हतं. सत्कार चारला होता आणि घड्याळात तीन वीस झाले होते.

दोन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, ताईच्या हाती फार तर तीन महिने आहेत. बाहेर बाकावर बसलेल्या ताईला तो म्हणाला, अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल. ताईने मान डोलावली. तेव्हापासून त्याला धड जेवण गेलं नव्हतं. आता ती ओळ तिने वाचली की सगळं कळणार होतं. शिवाय दुसरी एक भीती होती, जिची त्याला लाज वाटत होती. आपण बहिणीला जिवंतपणी मेलेल्यांत बसवलं, आता मरण तीन महिन्यांचीसुद्धा वाट पाहणार नाही, असं त्याला वाटत होतं.

स्क्रूड्रायव्हर खिशात घालून तो धावत सुटला. पासष्टीचा माणूस धावतोय म्हटल्यावर रस्त्यातले दोघेतिघे वळून पाहायला लागले.

हॉलमध्ये सेक्रेटरी खुर्च्या लावत होते. पहिल्या रांगेत, अगदी पडद्यासमोर, ताई येऊन बसली होती. वेळेवर पोचलेली सुईण उशिराच पोचलेली असते, हे तिचं नेहमीचं म्हणणं.

"पडदा अध्यक्षांच्या हस्ते उघडायचाय. आधी कुणी डोकवायचं नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"एक स्क्रू ढिला राहिलाय. पाटी अध्यक्षांच्याच डोक्यात पडली तर?"

सेक्रेटरींनी क्षणभर विचार केला. ती कल्पना त्यांना अगदीच वाईट वाटली नसावी. पण "आटपा लवकर," म्हणत त्यांनी वाट दिली.

पडद्यामागे जेमतेम उभं राहण्याइतकी जागा होती. दोन स्क्रू सहज निघाले. तिसऱ्याची खाच सुताराने पार झिजवून ठेवली होती. हाताला घाम सुटलेला, स्क्रूड्रायव्हर सारखा घसरत होता. बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज वाढले, मग माइक खरखरला. त्याने पाटीखाली बोटं घालून ओढून पाहिलं. बोट कापलं, पाटी हलली नाही.

पडद्याची कड उचलली गेली आणि ताई आत आली.

"धाकट्या, अडलेल्या बाईच्या नवऱ्यासारखा का दिसतोयस?"

त्याने तळहात पाटीच्या खालच्या भागावर ठेवला.

"हात काढ."

लहानपणापासून ती सांगेल ते त्याने ऐकलं होतं. त्याने हात काढला. तिने ओळीवरून सावकाश बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे, शेवटपर्यंत.

"सवय गं," तो घाईने म्हणाला. "चौतीस वर्षं हीच ओळ कोरतोय. हात आपोआप गेला."

हे कुणालाही पटलं असतं. ताईने शेजारच्या चारही पाट्या वाचल्या, एकेक करून.

"या चौघांच्या खाली नाही गेला."

तो पुन्हा तिसऱ्या स्क्रूकडे वळला.

"डॉक्टर किती म्हणाले?"

"ताई..."

"किती?"

"तीन महिने. फार तर."

"गोळ्या बघूनच मला शंका आली होती," ती म्हणाली. "पण तू सांगितलंस अल्सर. म्हटलं, हा माझ्याशी कशाला खोटं बोलेल."

तिने पाटी खालून दोन्ही हातांनी धरली. "काढ. मी आहे अजून."

तिने धरून ठेवल्यावर त्याने सगळा जोर लावला. तिसरा स्क्रू करकरत निघाला, मागोमाग चौथा. पाटी तिने पदराखाली घेतली. पितळ तिच्या बांगड्यांवर किणकिणत होतं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तिचे हात थरथरताहेत. या हातांना थरथरताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बाहेर सेक्रेटरी रंगात आले होते. "वादळात, संचारबंदीत, कुठल्याही वेळी एकट्या निघायच्या. भीती म्हणजे काय, हे या बाईंना माहीतच नाही."

ताईने त्याचं मनगट पकडलं. कळा देताना बायका असंच तिचं मनगट पकडायच्या.

"मला भीती वाटतेय रे," ती म्हणाली.

घाबरू नकोस म्हणावं, तर ते शब्द तिचेच. हजार बायकांना सांगून झालेले. त्यांत किती दम असतो ते तिला ठाऊक होतं.

"मलाही," तो म्हणाला.

दोरी ओढली गेली. पडदा सरकला तेव्हा भिंतीवर चार पाट्या आणि चार भोकं होती, आणि पुढे म्हातारे बहीणभाऊ उभे होते. लोकांना वाटलं, असंच ठरलेलं असेल. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. अध्यक्षांनी तिच्यासाठी शाल उलगडली, पण शाल घ्यायला तिचा एकही हात मोकळा नव्हता. एकात पाटी होती, आणि दुसऱ्यातलं मनगट ती सोडायला तयार नव्हती.