गाडी बदलायची जागा

माझं दुकान म्हणजे जमिनीखालचा एक गाळा. वरच्या लाइनीची गाडी सोडून खालच्या लाइनीची पकडायला लोक ज्या बोगद्यातून पळतात, त्या बोगद्याच्या अर्ध्यावर. सकाळी जाताना कपडा टाकायचा, संध्याकाळी परतताना न्यायचा. चेन बदला, कंबर सैल करा, बाही आखूड करा. नवीन शिवायला कुणी आलं तर मी सरळ नाही म्हणते. लोक म्हणतात बाई खडूस आहे. आहेच मुळी.

मशीन दाराकडे तोंड करून ठेवलंय. काचेचा वरचा अर्धा भाग दराच्या बोर्डाने झाकलेला, त्यामुळे बसल्या जागेवरून मला माणसं कमरेखालीच दिसतात. पण तेवढं पुरतं. कुणाची पँट कुठे झिजली, कोण पाय ओढतं, कोण घाईत आहे, सगळं कळतं. माझी ठकी तर मी हजार पायांतून ओळखीन. डावा पाय जरा बाहेर टाकून चालते, तिच्या बापासारखी.

ठकी माझी मुलगी. तीन वर्षं झाली आमचं बोलणं नाही. तिचे बाबा आजारी होते. त्यांना घरीच राहायचं होतं, माझा हात धरून तसं म्हणाले होते, आणि मी त्यांचं ऐकलं. ठकीचं म्हणणं होतं हॉस्पिटलात न्या. ते गेले त्या दिवशी चार माणसांसमोर ती मला म्हणाली, "तू मारलंस बाबांना." मी म्हटलं, "पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." आम्ही दोघी एकाच मातीच्या. तिने माझा शब्द पाळला. दारात पाऊल टाकलं नाही. बोगद्यातून मात्र रोज संध्याकाळी जायची, काचेला जवळजवळ खेटून.

मी मान वर करत नसे. का करू? पण ती येऊन गेली की माझा जीव जागेवर यायचा. एखाद दिवशी दिसली नाही, तर रात्री जेवण गोड लागायचं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि एक गोष्ट डोक्यात जायची. तिच्या काळ्या पँटच्या एका पायाची दुमड उसवलेली होती. कित्येक महिने. वर सेफ्टी पिन लावून मिरवायची. अगं, शिंपिणीची पोर तू! चार टाके घालायला काय धाड भरली होती? दर आठवड्याला ती पँट काचेसमोरून जायची आणि माझे हात शिवशिवायचे.

आता आमच्या साहेबांचं सांगते. साहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी याचं नाक मी पुसलंय, आता रेल्वेच्या आखणीच्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर बसतो. मागच्या वर्षी एका दुपारी तो दुकानात आला, स्टुलावर बसला, चहा मागवला आणि तो संपेपर्यंत टेबलावरची खडूची धूळ बोटाने गोळा करत बसला. तेव्हाच मला वाटलं, काहीतरी शिजतंय.

"ताई, इथली बदली बंद होणार," तो म्हणाला.

"कुणाची बदली?"

"गाड्यांची गं. लोक इथे गाडी बदलतात ना, ते आता पुढच्या स्टेशनात बदलतील. हा बोगदा बंद."

मी कात्री खाली ठेवली. त्याने माझाच खडू उचलला आणि कापायच्या टेबलावर रेघा ओढायला लागला. ही वरची लाइन, ही खालची, आणि ही नवी तिसरी. शहर पूर्वेला पसरलं, म्हणून तिसरी आली. सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी पडली तर तिथे चेंगराचेंगरी होणार. म्हणून गाठ थोडी पुढे सरकवायची, जिथे जागा आहे तिथे. तिथे एका बाजूला उतरलं की समोरच दुसरी गाडी. जिना नाही, बोगदा नाही.

"कुणी कुणाला आडवं जाणार नाही," तो खुशीत म्हणाला.

त्याचं चुकलं होतं असं मी म्हणत नाही. त्याच महिन्यात आमच्या जिन्यावर एक म्हातारा गर्दीच्या धक्क्याने पडला होता. मीच त्याला पाणी पाजलं. रक्त दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "नाही. गाठ इथेच ठेव."

"तुला तिकडे गाळा मिळेल, ताई. मी बघतो. यापेक्षा मोठा."

"मला गाळा नकोय."

"मग काय हवंय?"

काय सांगणार? संध्याकाळी एक उसवलेली पँट जाते ती हवीय म्हणून? "मला शहाणपण शिकवू नकोस," मी म्हटलं आणि टेबलावरच्या त्याच्या तिन्ही लाइनी तळहाताने पुसून टाकल्या. बिचारा उठून गेला. पैसे मात्र चहावाल्याला देऊन गेला, तेवढी अक्कल आहे.

पाट्या लागल्या. अमुक तारखेपासून हा मार्ग बंद. लोक पाटीखालून जाताना खूश होते. एका गिऱ्हाइकाने तर मला पेढा दिल्यासारख्या आवाजात सांगितलं, "मावशी, सुटलो बुवा या बोगद्यातून!" मी त्याची चेन मुद्दाम दुसऱ्या दिवशी दिली.

शेवटच्या दिवशी दुपारी साहेब सामान बांधायला आला. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, बाह्या वर करून खोक्यांत रिळं भरत होता. चांगला आहे तो, मी कितीही बोलले तरी. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "ठकी रोज इथून जाते रे. उद्यापासून दिसायची नाही."

त्याचा हात थांबला. "इथून? ठकी?"

"मग! गाडी बदलायला."

"ताई, तिला गाडी बदलावीच लागत नाही."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"तिसरी लाइन तिच्या घराजवळून निघते ती थेट तिच्या ऑफिसच्या दारात. वर्ष झालं सुरू होऊन. पहिल्याच दिवशी मी तिला फोन केला होता, म्हटलं बघ, मामाने तुझ्यासाठी खास आखली. तर म्हणाली, मला गाड्या बदलायला आवडतं मामा. मला वाटलं चेष्टा करतेय." तो हळू आवाजात बोलत होता. "इथून जायचं म्हणजे तिला केवढा वळसा पडतो. उलटं यायचं, दोन जिने, ही गर्दी. काही कारणच नाही गं."

मी स्टुलावर बसले. वर्षभर! सुखाने घरी जाऊन पाय पसरायचे सोडून ही पोर रोज धक्के खात माझ्या काचेपुढून जात होती, आणि मी मान खाली घालून लोकांच्या बाह्या आखूड करत होते. आणि ती पिन. ती पिन तिने कुणासाठी लावली होती, हे काय आता मला कुणी समजावून सांगायचं?

"फोन लावू का तिला?" साहेब म्हणाला.

"नको. येईल ती. आज तर येईलच."

त्याला हाकललं. बांधलेल्या खोक्यातून काळं रीळ परत काढलं. सुई ओवली, दोऱ्याला गाठ मारली, सुई ब्लाउजला टोचली. दराचा बोर्ड उतरवला. दार सताड उघडून उंबऱ्यात उभी राहिले. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. बाकी काही नाही, फक्त, "इकडे ये, पाय वर कर." लहानपणी शाळेत जाताना म्हणायचे तसं. पुढचं पुढे बघू.

शेवटचा दिवस म्हणून गर्दी नेहमीपेक्षा जास्त. लोक बोगद्याचे फोटो काढत होते. आणि त्यात तो डावा पाय आला, जरा बाहेर टाकलेला. काळी पँट. तीन वर्षांत पहिल्यांदा मी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. वाळलीय. कानावरचे केस पांढरे व्हायला लागलेत, एवढ्यात. मी उंबऱ्यातून एक पाऊल बाहेर टाकलं आणि सवयीने माझी नजर खाली गेली, पायाकडे.

पिन नव्हती. दुमड शिवलेली होती.

काळ्या पँटला पांढरा दोरा! बाहेरून एकेक टाका दिसत होता. बारीक, तिरके, सारख्या अंतरावर. मीच शिकवलेले.

आता काय म्हणून बोलवू तिला? तिने एकदा उघड्या दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं असं मला वाटलं, पण मागून लोंढा आला आणि तिला पुढे घेऊन गेला. मी "ठकी!" अशी हाक मारली. चार-पाच अनोळखी माणसं वळली. ती तोवर जिना उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बोगद्याच्या दोन्ही तोंडांना पत्रे लागले. संध्याकाळी साहेबाने विचारलं, भेटली का. मी म्हटलं, "तुझी ती सरळ गाडी, तिसऱ्या लाइनीची. ती आपल्या बोगद्याच्या स्टेशनात थांबते का रे?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "तिथे थांबा ठेवलाच नाही."