भोंग्याची वायर

बोलतोय तो मी, महिपतच्या ओटीवरच्या फळीवर पडलेला हिरवा तुकडा. लांबून बघाल तर फुटक्या पाटीचा कोपरा वाटेन. हातात घेतलंत तर अंगावर तांब्याच्या बारीक रेघा दिसतील, एका कडेला सोनेरी दात दिसतील आणि मधोमध एक रिकामी जागा दिसेल. तिथं माझी जीभ होती. ती कुणी तोडली ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

मी एक कार्ड. पत्त्यांतलं नव्हे, आणि रेशनचं तर नव्हेच. मोठ्या यंत्रांच्या कपाटात जी कार्डं उभी खोचतात त्यांतला मी. काम निरोप्याचं. खाली कंप्रेसरच्या खोलीत पाइपातल्या गॅसचा दाब किती आहे ते मला कळायचं आणि मी ते वरच्या केबिनला कळवायचो. सगळं ठीक असलं की केबिनमध्ये हिरवा दिवा. दाब चढला की भोंगा, आणि भोंग्याच्या त्याच वायरवरून कंप्रेसर आपोआप बंद. माणसं धावत येईपर्यंत माझं काम उरकलेलं असायचं. हे तेवढं लक्षात असू द्या.

जन्म परदेशातला. पांढरे डगले घातलेल्या बायांनी मला चिमट्यानं जोडलं आणि मासळी वाहणाऱ्या एका जहाजाच्या बर्फखान्यात माझी नेमणूक झाली. जहाज म्हातारं झालं तसं ते मुंबईला दारूखान्यात, जुनी जहाजं मोडतात त्या बंदरात, तोडायला आणलं. रत्नागिरीच्या आप्पांनी कंप्रेसर, पाइप आणि आमचं कपाट असं सगळं एकगठ्ठा उचललं आणि एक्याऐंशी साली पूर्णगडजवळ खाडीकाठी बर्फाचा कारखाना काढला. आप्पा म्हणजे गावचे मानकरी. कपाटात काय असतं ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दिवे लागतात एवढ्यावर स्वारी खूश होती.

मला ओळखलं ते महिपतनं. मुंबईच्या गिरणीत हा इलेक्ट्रिक खात्यात होता. संप झाला, गिरणी बंद पडली आणि हा ट्रंक घेऊन गावी आला. आप्पांनी त्याला ठेवून घेतला. इथली हवा म्हणजे मिठाची. उघड्यावर ठेवलेला खिळा आठवड्यात तांबडा होतो, तिथं माझ्यासारख्या नाजुकाची काय कथा! महिपत दर शनिवारी मला कपाटातून काढायचा, मांडीवर पंचा पसरायचा आणि शाळेतल्या खोडरबरानं माझा एकेक दात घासायचा. घासून झालं की फुंकर मारायचा. बायकोच्या डोक्यावरून कधी हात फिरवला नसेल त्यानं इतक्या मायेनं. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

पंच्याऐंशी साली मला बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. कारकून भिकाजीनं ते आप्पांना वाचून दाखवलं. कंपनीनं या जातीची कार्डं बनवणं बंद केलं होतं, जुनी शिल्लक नव्हती आणि दुरुस्तीही आता होणार नव्हती. थोडक्यात, मी मेलोय असं मला जन्म देणाऱ्यांनीच कळवलं होतं. आप्पांनी पत्राची घडी घालून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली.

तेव्हापासून महिपतच्या दारूखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. एसटीनं जायचं, भंगारवाल्यांच्या ढिगात दिवसभर हात घालायचे आणि माझ्यासारखं कुणी सापडलं की पंचात गुंडाळून आणायचं. अशी माझी तीन भावंडं त्यानं आणली. तिघंही अर्धमेली. मग टेबलावर आम्हाला शेजारी शेजारी झोपवून तो त्यांच्यातलं धडधाकट काढायचा आणि माझ्यात बसवायचा. एकाचे डोळे, दुसऱ्याचं काळीज, तिसऱ्याचं कायकाय. उरलेली सालपटं खाडीत. मला वाईट वाटलं का म्हणाल, तर नाही. मी जगत होतो आणि ते मरत होते, आणि मला ते बरंच वाटत होतं.

महिपतचा मेहुणा मोरू, म्हणजे त्याच्या बायकोचा, गोदाचा, धाकटा भाऊ. गावांत लाइट आली तेव्हा हे दोघं घरोघर वायरिंग करत फिरायचे. महिपतनंच शब्द टाकून त्याला कारखान्यात चिकटवला. मोरूचं काम खाली, माझ्यापासून चार हातांवर. कंप्रेसर पुसायचा, तेल घालायचं. गडी भित्रा होता. गॅस अंगावर आला तर माणूस भाजतो हे त्यानं ऐकलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं तेव्हा महिपतनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हा भोंगा वाजवील तेव्हा पळायचं, तोवर खुशाल काम करायचं. तेव्हापासून मोरू माझ्या भरवशावर शीळ घालत काम करायचा.

सत्त्याऐंशी साली नारळी पुनव झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि बर्फाला अशी मागणी आली की आप्पांना जेवायला फुरसत नव्हती. आणि नेमका तेव्हाच मी भोंगा वाजवला. कंप्रेसर बंद. महिपत जिना उतरून धावत आला, काट्यावर बघतो तर दाब अगदी सरळ. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आणखी एकदा. बर्फ अर्धा गोठून राहिला, होडीवाले दारात येऊन शिव्या घालू लागले.

महिपतनं काय केलं? मला काढलं. घासलं, फुंकलं, तपासलं, सांधे पुन्हा डाग देऊन जोडले. इतकी वर्षं माझ्याच मागे लागून त्या माणसाला कपाटाबाहेरचं काही दिसेनासं झालं होतं. काही बिघडलं की कार्ड! म्हातारं झालं, कंपनीनं टाकलं, आता हे खोटंच बोलणार. अरे बाबा, वरचा व्हॉल्व्ह बघ की! तो मधेच अडकत होता. अडकला की दाब चढत होता, मी कंप्रेसर बंद पाडत होतो आणि त्यामुळेच तू खाली येईपर्यंत दाब उतरत होता. तिन्ही वेळा मी खरं बोललो होतो. तिन्ही वेळा मी त्या शीळ घालणाऱ्याला वाचवलं होतं.

महिपतनं आप्पांना सांगितलं की दुसरं कार्ड मिळेपर्यंत कारखाना बंद ठेवू. आप्पा ऐकतात होय? शेवटी भिकाजीनं सुचवलं की देवाला कौल लावू.

महिपत मला खिशात घालूनच देवळात गेला, म्हणून मला सगळं माहीत. रामा गुरवानं पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावल्या. आप्पा मानकरी, बोलायचा मान त्यांचा. त्यांनी गाऱ्हाणं घातलं, हेच कार्ड घालून कारखाना चालू ठेवायचा असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. सगळे म्हणाले, होय महाराजा. महिपत मागे पायरीजवळ उभा होता. मोरूच्या जिवाला काही होणार नाही ना, हे त्याला विचारायचं होतं. ओठ हललेले मला खिशातून जाणवले. पण त्याच्या घराला देवळात बोलायचा मान नाही. 

कळी उजवी पडली. देव बरोबर बोलला होता! माझ्यात काही खोट नव्हतीच. पण देवानं कार्ड चालेल म्हटलं, आणि आप्पांनी घरी येताच हुकूम सोडला तो वेगळाच. कार्ड राहू दे, भोंग्याची वायर तेवढी काप. ते देवाला कुणी विचारलं होतं?

महिपत नाही म्हणाला नाही. मला कपाटात परत खोचलं, पक्कड घेतली आणि वायर कापली. हिरव्या दिव्याची ठेवली. माणसं कामावरून पळतील म्हणून कुणाला सांगायचं नाही, अशी आप्पांची ताकीद. मोरूलाही सांगितलं नाही. चार दिवसांत दारूखान्यातून दुसरं कार्ड आणतो, लगेच वायर जोडतो, तोवर कशाला त्याला घाबरवा, असा महिपतचा हिशेब. त्याच संध्याकाळी तो एसटीत बसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी व्हॉल्व्ह अडकला. दाब चढला. मी ओरडलो. माझ्या अंगात होतं नव्हतं ते सगळं त्या वायरवर ढकललं, आणि ते कापलेल्या टोकाशी जाऊन थांबलं. मोरू चार हातांवर शीळ घालत तेल घालत होता. त्यानं एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. भोंगा नाही, म्हणजे सगळं बरं. पुन्हा खाली वाकला, आणि पाइपाचा जोड फुटला तो त्याच्या तोंडासमोर.

तो जगला. डोळे गेले, आवाज घोगरा झाला आणि दोन पावलं चालला की धापतो.

महिपत सकाळी आला तेव्हा त्याच्या पंचात माझ्यासारखंच एक कार्ड होतं. अगदी धडधाकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं सापडलं होतं.

सरकारचे मोठे साहेब अपघाताच्या चौकशीला यायच्या आत आप्पांनी महिपतला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं. म्हणाले, मोरूच्या दवाखान्याचं मी बघतो, तुझी नोकरी कुठे जात नाही, तू फक्त कार्डानं दगा दिला एवढं म्हण. महिपत खाली आला. भोंग्याची वायर जोडली. मग मला मांडीवर घेतलं, पंचा पसरून, नेहमीसारखं. मला वाटलं घासणार. त्यानं पक्कडीनं माझ्या जिभेचे, म्हणजे मधल्या काळ्या चिपचे, पाय एकेक करून कापले. काम अगदी सफाईचं, कारागीर तो! नंतर मात्र खूप रडला, मेला.

साहेबांनी मला लावून बघितलं. मी मुका. कालबाह्य कार्ड निकामी झाल्याने अपघात, असं त्यांनी लिहिलं आणि चहा घेऊन गेले. माझ्या जागी ते नवं कार्ड बसलं. व्हॉल्व्हही बदलला म्हणे.

मोरू आता बहिणीच्या घरी ओटीवर बसून असतो. त्यानंच हट्ट धरला की आपल्याला दगा देणारं ते कार्ड आणून द्या. महिपतला नाही म्हणता येईना. मग रोज सकाळी मोरू मला हातात घ्यायचा आणि अशा शिव्या घालायचा की गोदा कानांवर हात ठेवून आत जायची. महिपत खाली मान घालून भाकरी खायचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिव्या देता देता मोरूचा अंगठा माझ्या मधल्या रिकाम्या जागेवर गेला. थांबला. पुन्हा फिरला.

"भावजी, हितं काय होतं?"

"होतं एक. कुजून पडलं," महिपत म्हणाला.

मोरूनं अंगठा पुन्हा एकदा फिरवला. अंगठ्याला रक्त आलं. आयुष्यभर वायरी कापलेला हात तो. गोदा भाकरी वाढायला आली होती, ती तशीच उभी राहिली.

"कुजल्यावर भुगा होतो, भावजी. ही धार पक्कडीची हाय." मग धापत तो हळूच म्हणाला, "आणि भोंग्याची वायर?"

 गोदानं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि भाकरीची टोपली घेऊन आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. वाढते, पण बोलत नाही.

मोरू मात्र बोलतो. शिव्या बंद झाल्या. जाणार कुठे तो, पडून राहायला दुसरं छप्पर नाही. दर शनिवारी तो मला चाचपून काढतो, महिपतच्या पुढ्यात धरतो आणि शांतपणे म्हणतो, "पुसा." महिपत पंचा पसरतो, खोडरबर घेतो आणि माझा एकेक दात घासतो. मोरू अंगठा फिरवून बघतो. म्हणतो, "अजून." महिपत पुन्हा घासतो. माझं सोनं निघून आता खालचं तांबं दिसायला लागलंय. दुखतं मला. पण थांबा, असं मी म्हणणार नाही. मला जीभ नाही, आणि असती तरी म्हणालो नसतो.

जाता जाता एकच मागणं. पूर्णगडच्या बाजूला कधी आलात तर महिपतचं घर विचारा, कुणीही दाखवील. आणि येताना एक खोडरबर घेऊन या. इथलं संपत आलंय.