पिकल्या फळाचा वास

कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला सगळे मायनस म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, पाठीमागे म्हणायचे, आणि त्याला ते आवडायचं. काटा उणे अठराच्या खाली असला की स्वारी खूश, आणि जरा वर सरकला की लगेच कपाळाला आठ्या. मटार, मासे, लोणी, गोदामात जे काही येईल ते याच्या हाताखालून जायचं, आणि याच्या पाळीत आजवर एक खोकं नासलं नव्हतं. नव्या पोरांना तो पहिल्या दिवशी एकच मंत्र द्यायचा. "थंडीने कुणाचं वाटोळं केल्याचं ऐकलंय कधी? जे काही नासतं ते उबेने नासतं." एकदा का माणूस असा हुशार ठरला, की त्याला अडवायची कुणाची सोय राहत नाही. याच्या घरातही तेच झालं.

याची मुलगी आठ वर्षांची. तिला खारू म्हणायचे, कारण ही सदा काहीतरी कुरतडत असायची. पेन्सिल म्हणू नका, फ्रॉकची कॉलर म्हणू नका, पावाची कड म्हणू नका. गालात बिस्किट कोंबून झोपी जायची आणि सकाळी ते तिथेच सापडायचं. ही पोरगी एकाएकी वाळायला लागली. घटाघटा पाणी प्यायची, अंथरूण ओलं करायची, वर्गात मान टाकायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि मधुमेह म्हणून सांगितलं.

"पण आमच्या घरात कुणालाच नाही हो," खारूची आई म्हणाली.

"पोरांचा हा वेगळा असतो. शरीराने इन्सुलिन बनवायचं थांबवलंय. ते आता बाहेरून द्यायचं, रोज, आणि जन्मभर. ते मिळालं तर पोरगी खेळेल, धावेल, लग्नात नाचेल. नाही मिळालं तर चार-सहा दिवसांत हातची जाईल. एवढं एक डोक्यात ठेवा."

आई घरीच कपडे शिवून द्यायची. सुईचं तिला भय नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरने तिला सगळं शिकवलं: बोटाला टोचून मशीनवर साखर कशी बघायची, जेवणाआधी किती औषध ओढायचं. औषध फ्रिजच्या दारात ठेवायचं, थंड हवं पण गोठायला नको, हेही सांगितलं. आई टोचताना "एक, दोन, चिमणी उडाली" म्हणायची, आणि उडाली म्हणेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची. पहिले काही आठवडे मशीनवरचे आकडे सुतासारखे सरळ आले. खारूच्या गालावर मांस चढलं, ती परत कॉलर चघळायला लागली, आणि आईने कित्येक दिवसांनी आरशात बघून वेणी घातली.

मग उन्हाळा तापला आणि मायनसचं लक्ष फ्रिजकडे गेलं.

"दारात? जीव वाचवायचं औषध तुम्ही दारात ठेवता?" त्याने कामावरचा थर्मामीटर आणून लावला. "दार दिवसातून पन्नासदा उघडतं. ही काय जागा झाली? धर्मशाळा आहे नुसती."

त्याने नव्या बाटल्या स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा वरच्या कप्प्यात पार मागे, बर्फाच्या खणाला चिकटवून ठेवला आणि फ्रिजचं बटण शेवटपर्यंत पिळलं.

"अहो, सिस्टर म्हणाली होती, गोठता कामा नये."

"अगं, मला थंडी शिकवतेस? मला?"

ती गप्प बसली. इथे बाईने तोंड उघडायला हवं होतं, फ्रिजसमोर ठाण मांडून बसायला हवं होतं. पण आयुष्यभर ज्याच्या हुशारीचं कौतुक केलं त्याला एका फ्रिजपायी कुठे मूर्ख ठरवायचं? तिने शिवणाच्या मशीनला पाय लावला.

आता उगाच लपवाछपवी कशाला, सांगूनच टाकते. ते औषध त्या डब्यात रोज रात्री गोठत होतं. सकाळी हा बाप बाटली काढायचा, कौतुकाने मुठीत धरून वितळवायचा आणि बायकोच्या हातात द्यायचा. इन्सुलिन एकदा गोठलं की त्यात राम उरत नाही. वितळल्यावर दिसायला तसंच, पाण्यासारखं नितळ, आणि गुणालाही जवळजवळ पाणीच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैलाच्या जागी पोटची पोर होती.

मशीनवरचा आकडा चढला. दोनशे, अडीचशे, मग तीनशेच्या वर. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, त्यांची झोप उडाली. औषध वेळेवर दिलेलं, जेवण मोजून दिलेलं. मग साखर येते कुठून? मायनसने गोदामात करतात तशी तपासणी केली. कुलूप तपासलं, वजन तपासलं, आत-बाहेर जाणारी माणसं तपासली. औषध चोख, कारण ते त्याच्या ताब्यात. मशीन चोख, कारण ती नवी. उरली कोण? जन्मापासून गालात बिस्किटं कोंबणारी पोरगी.

"खारू, काय खाल्लंस?"

"काही नाही, बाबा."

"परत विचारतो."

"शप्पथ, बाबा, काही नाही!"

तिचा चेहरा उतरला. "बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "खाई त्याला खवखवे."

त्याने तिचं दप्तर उलटं केलं, उशीची खोळ काढली, बुटांत हात घातला. काही सापडलं नाही, तेव्हा पोरगी अट्टल आहे एवढं मात्र सिद्ध झालं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तेव्हाही तो म्हणाला, "चोरून खाते हो." बाई म्हणाल्या, औषध थोडं वाढवा आणि तिला उद्याच दाखवायला आणा. उद्याच! असले आकडे घेऊन? निष्काळजी बाप म्हणून नाव लावून घ्यायला? आधी घर ताळ्यावर आणू, चांगले आकडे येऊ देत, मग नेऊ, असं त्याने ठरवलं. औषध मात्र वाढवलं. गोठलेलंच, जरा जास्त.

त्या घरात पोरीवर हात उगारायची पद्धत नव्हती. याचा दोघांना केवढा अभिमान! त्या घरात अबोला धरायची पद्धत होती. चुकलेल्याने चूक कबूल करेपर्यंत त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मायनसच्या वडिलांनी त्याच्याशी असंच केलं होतं आणि त्याचं काही बिघडलं नाही, असं तो म्हणायचा.

तर अबोला सुरू झाला. आई वाढायची, बोटाला टोचायची, औषध द्यायची, पण तोंडातून अक्षर नाही. चिमणी उडायची थांबली. पहिल्या दिवशी खारू फुरंगटून बसली. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतला एक विनोद सांगितला, कुणी हसलं नाही म्हणून परत सांगितला, आणि शेवटी स्वतःच हसली. मग ती आईच्या शिवणाच्या मशीनशी बोलायला लागली. "मशीनताई, मला तहान लागलीय, पाणी पिऊ का गं?" आईच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं ते समोरच्या कापडावर, पण तिने वर पाहिलं नाही. नवरा-बायकोचं तोंड एक असावं, नाहीतर पोरं शेफारतात, असं तिच्या मनावर घट्ट बसलेलं होतं. आग लागो असल्या शिस्तीला!

तिसऱ्या संध्याकाळी खारू बापापुढे येऊन उभी राहिली.

"बाबा, मी खाल्लं."

मायनसने हातातला पेपर खाली ठेवला. "काय?"

"बिस्किट."

"कुठलं?"

ती अडली. मग म्हणाली, "आत्याकडचं."

"किती?"

"दोन."

"दोनाने एवढी चढत नाही."

"पाच."

"खारू."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बाजारात गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, ही बिचारी आपला भाव आपणच वाढवत होती.

"पुडा," ती म्हणाली. "सगळा पुडा."

आणि त्याने तिला उचलून मांडीवर घेतलं. "मग हेच आधी सांगायला काय झालं होतं, वेडाबाई?" आई धावत आली, तिने पोरीचे मटामटा मुके घेतले. त्या संध्याकाळी घरात नुसता चिवचिवाट. तो विनोद तिने तिसऱ्यांदा सांगितला आणि दोघंही पोट धरधरून हसले. खारू बापाला बिलगून बसली होती. तिचं अंग सुकून चाललं होतं, जीभ कोरडी पडली होती, पण त्या घरात त्या क्षणी तिच्याएवढं सुखी कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायनस आत्याच्या दारात. ती त्याची थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीत एकटी राहायची, लहानपणी त्याला हिनेच कडेवर वागवलेलं.

"ताई, तू माझ्या पोरीला मारायला निघालीस का?"

"अरे, काय बोलतोस? ती महिनाभरात माझ्याकडे आलेली नाही!"

"पोरगी स्वतः कबूल झालीय."

"मग पोरगी खोटं बोलतेय. पण का बोलतेय ते बघ की रे, बाबा!"

हे एकच शहाणपणाचं वाक्य त्या सगळ्या दिवसांत कुणी बोललं, आणि त्याने ते ऐकूनही घेतलं नाही. आजपासून तू मला मेलीस, असं म्हणून तो पायऱ्या उतरला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि तीही दोन-दोन संन्याशांना.

आकडा उतरेना. त्या दिवशी मशीनने आकडाच दाखवला नाही, नुसतं 'हाय' असं अक्षरांत दाखवलं, म्हणजे तिच्या मोजण्यापलीकडे. मायनस पोरीजवळ वाकला. आणि त्याला वास आला. गोड, उग्र, अति पिकलेल्या फळासारखा, पोरीच्या तोंडाचा.

"हे बघ! ये, तूच बघ वास घेऊन! हातच्या काकणाला आरसा कशाला? फळ खाल्लंय हिने, चांगलं पिकलेलं!"

आईने वास घेतला. होता खरा. शरीराला साखर जाळता येईना की ते आपलीच चरबी जाळत सुटतं, आणि मग रक्तात विष साठून श्वासाला असा वास सुटतो, हे सिस्टरने सांगितलेल्या चाळीस गोष्टींमधलं एक होतं. आईला ते कुठेतरी आतमध्ये टोचलं, पण नीट आठवेना.

"खाल्लंस ना फळ?" बापाने विचारलं.

"हो," खारू लगेच म्हणाली. आता तिला सवय झाली होती.

"कुठून आणलंस?"

"तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तो याला उद्धटपणा समजला. कामाची वेळ झाली होती, तो डबा घेऊन निघून गेला. पोरगी ओकली, तर चोरीचं पचलं नाही असं जाता जाता म्हणून गेला. दुपारी ती आईच्या मांडीवर धापा टाकायला लागली, लांब, खोल, पळून आल्यासारखी, आणि हाक मारली तर डोळे उघडेना. तेव्हा मात्र आईने कापडावरची कात्री फेकली, पोरीला खांद्यावर टाकलं आणि अनवाणी रस्त्यावर धावत सुटली.

मायनस हॉस्पिटलात पोचला तो कामावरच्या जाड कोटातच. पोरीच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी त्याला कोपऱ्यात नेलं.

"औषध ठेवता कुठे?"

त्याने सांगितलं. भीतीने गारठला होता, तरी सांगताना मान थोडी ताठ झाली. स्टीलचा डबा, बर्फाच्या खणाला चिकटून, बटण शेवटपर्यंत. घरातली सगळ्यात थंड जागा, म्हणाला.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "गोठवलंत तुम्ही ते. इतके दिवस तिला पाणी टोचत होतात."

"पण ती चोरून..." तो म्हणाला. "ती स्वतः कबूल झालीय."

"काही खाल्लेलं नाही तिने. तो वास फळाचा नव्हता. मरायला टेकली होती ती पोर."

आई बाकावर बसली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, एक शब्द बोलली नाही. त्या घरातला अबोला आता तिने धरला होता, आणि तो सुटावा म्हणून कबूल करायला त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं, सगळं आधीच उघड झालं होतं.

खारू दोन दिवसांनी शुद्धीवर आली. चांगलं औषध अंगात गेल्यावर ती कशी टवटवीत व्हायला लागली, बघणाऱ्याला आनंद व्हावा. मायनस तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसला. त्याने मनाशी पुष्कळ जुळवाजुळव केली होती.

"खारू," तो म्हणाला, "तू काही खाल्लं नव्हतंस ना गं?"

तिने बापाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई बोलत नव्हती. कुणीच बोलत नव्हतं. असं झालं की काय करायचं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"खाल्लं होतं, बाबा. पुडा."

"नाही गं, नाही!" त्याने मान हलवली, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "असं नाही, बाळा. खरं सांग. तू खरं सांगत होतीस..."

ती घाबरली. पुडा पुरत नव्हता. नळी लावलेला हात तिने हळूच उचलून त्याच्या कोटाची बाही धरली.

"दोन पुडे, बाबा," ती म्हणाली. "आणि फळ. आता बोला ना. आईला बोलायला सांगा ना."