बिनतुळशीचं वृंदावन

लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालं होतं, साखर तर दिसतच नव्हती. पण गोंदणारीण मात्र कर्जतकडची गावं उरकून पौषात लोधिवलीत हजर झाली. सोनुबाईंनी तिच्यासाठी सुपात भात काढला आणि सुनेला हाक मारली, "बायजा, पोरीला आन गं. सात वर्सांची झाली."

बायजाची चिंधी चारचौघींसारखी नव्हती. मोजकंच बोलायची, माणसाकडे बघायची नाही, आणि कुणी अचानक हात लावला की गाव गोळा होईल अशी किंचाळायची. देवऋषी झाले, अंगारे झाले. शेवटी बायजानंच शोधून काढलं, की आधी सांगायचं आणि मग हात लावायचा. "आता येनी घालते हां गं," म्हटलं की पोर आपणहून मान पुढे करी. एवढंसंच, पण गावातल्या एकाही शहाण्याला ते सुचलं नव्हतं.

पण गोंदायला नाही म्हणायचं तर तिला तोंड कुठे होतं? तिच्या स्वतःच्या हातावर गोंदलेलं वृंदावन होतं, आणि त्यात तुळसच नव्हती. सातव्या वर्षी चौघींनी दाबून धरलेली असताना ती निम्म्यातच बेशुद्ध पडली होती. तेव्हापासून माहेरी-सासरी ती भित्री ठरली. तिलाही ते पटलं होतं.

म्हणून तिनं चिंधीला आणलं. "सुई लागंल हां गं," असं सांगून उजवा हात स्वतः धरला. डावा सोनुबाईंनी.

सुई टेकली. चिंधी किंचाळली नाही. लाकडासारखी ताठ झाली आणि तिची नजर कुठेतरी लांब गेली.

बायजाला ते आतून ओळखीचं होतं. तेव्हा तिलाही सुईचं काही वाटलं नव्हतं. अंगावरचे ते आठ हात, काजळीचा वास, बायकांचं हसणं, सगळं एकदम सोसवलं नव्हतं. लेकीसारखीच होती की ती! वीस वर्षं आपण स्वतःला उगीच हिणवलं, याचा तिला राग आला आणि रडूही आलं.

तिनं हात सोडला. "थांबा. तिला गोंदायचं नाय."

"येडी झालीस काय?" सोनुबाई म्हणाल्या. "मेल्यावर बाईमानसासंगं गोंदनाबिगर दुसरं काय येतं गं? आन् लोकांना काय सांगू मी?"

"सांगा, तिची आय नको म्हनाली."

सोनुबाईंची नजर सुनेच्या हातावरच्या अर्धवट वृंदावनाकडे गेली. मग त्यांनीही पोरीचा हात सोडला. चिंधी उठून परसात निघून गेली.

बायजा तिथेच बसून हमसून हमसून रडली. तिला गोंदलं त्या दिवशी आपली आईही एवढंच 'नको' म्हणेल म्हणून ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली होती, आणि आईनं तिचे पाय आणखी घट्ट धरले होते.