सुतळीची अंगी

शिंपीदादांच्या दुकानात काज-बटणांचं काम त्यांची थोरली बहीण करायची. तिला सगळी गल्ली ताई म्हणे. दुकानातल्या सुतळी नावाच्या मांजरीशी ताईचं मुळीच पटत नसे. गिऱ्हाइकाच्या कपड्यांवर केस दिसले की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

एके दुपारी समोरच्या गॅरेजमधला कुत्रा साखळी तोडून सुटला आणि पायरीवर ऊन खात पडलेल्या सुतळीवर तुटून पडला. दादा मशीन सोडून धावले, पण ताई त्यांच्याही पुढे. टेबलावरची लाकडी पट्टी उचलून तिने कुत्र्याच्या पाठीत अशी हाणली, की तो शेपूट घालून पळाला. सुतळीच्या बरगडीपाशी दात खोल रुतले होते. रक्त बघून दादांना दरदरून घाम फुटला.

"तू बस बाबा खाली. नाहीतर मला दोघांना उचलून न्यावं लागेल," असं म्हणत ताईने सुतळीला अस्तराच्या कापडात गुंडाळलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी जखमेभोवतीचे केस भादरले, टाके घातले, गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवलं. "टाके चाटू देऊ नका. हे नाहीच सोसलं, तर सुती अंगी शिवून घाला."

नरसाळ्याने सुतळी पार बेजार झाली. उलटी उलटी चालत कपाटाखाली जाऊन अडकली. मग दादांनी जुन्या शर्टाची बाही कापून अंगी शिवली. ती घालताच सुतळी ओंडक्यासारखी आडवी झाली, ती उठेचना.

"ताई, गेली की काय गं?"

"गेली कसली! अंगीचे मुंढे बगलेत आवळलेत तिला. आण इकडे. गिऱ्हाइकाला चार पाय आहेत, हे विसरलास होय?"

ताईने मुंढे उसवून सैल केले, पाठीवर नाड्या लावल्या. सुतळी उठली, अंग झाडलं आणि थेट वाटीकडे गेली.

औषधाची मात्र रोजची झटापट. माशाचा तुकडा फस्त करून सुतळी गोळी तेवढी बाजूला काढून ठेवी. शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारून ताईने गोळी कुटली, लोण्यात कालवली आणि सुतळीच्या पंजावर फासली. पंजा चाटल्यावाचून त्या टापटिपीच्या बाईला राहवतंय थोडंच!

दरम्यान गॅरेजवाला खाली मान घालून आला. "नवी साखळी आणलीय, ताई."

ताईने एकेक कडी ओढून पाहिली आणि मगच त्याच्यापुढे चहा ठेवला.

टाके निघाले, अंगीही निघाली. भादरलेल्या जागी बारीक लव उगवली. काज करता करता सुई थांबवून ताई तिच्यावरून हळूच बोट फिरवी.

"हात लावून बघ रे," ती एकदा म्हणाली.

दादांनी मशीन थांबवलं, हात पुसला आणि सुतळीच्या कुशीवरून अलगद फिरवला.

"भारी कापड आहे," ते म्हणाले.