पानाची पाठ

शाळेला निघावं तर अंगणात पाय ठेवायला जागा नाही. मधोमध सासूबाईंनी लावलेलं पेरूचं रोप, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारं, आणि त्याच्याभोवती अख्खी इमारत तळवे पुढे करून उभी. पानावरून थेंब ओघळला की लगेच जिभेवर. "गोड आहे हो, अगदी मधासारखं," असं म्हणत जो तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहत होता.

रोपाशेजारी आमच्याच घरातली खुर्ची टाकून बुवा बसले होते. पूर्वी ते पलीकडच्या गल्लीत हात बघायचे. तिथलं गिऱ्हाईक आटलं, तसे ते पानं वाचू लागले.

"पानावर चकाकतंय ते अमृत," बुवा सांगत होते. "बेचक्यात पांढरी पूड आहे, तो अंगारा. खालच्या पानांवर काळं दिसतंय ना, ते दृष्ट लागू नये म्हणून झाडानं स्वतःच लावून घेतलेलं काजळ. मुंग्या म्हणजे सेवेकरी, त्यांना हाकलायचं नाही. झाडावर पाणी मारायचं नाही. आणि पानाची पाठ कुणीही बघायची नाही. बघेल त्याची दृष्टी जाईल."

मुंग्या मात्र खोडावर आमच्या लोकांपेक्षा शिस्तीत रांग लावून होत्या.

एरवी मी पोट धरून हसले असते. पण सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती, आणि बुवांनी त्यांना गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. साखरेचा आजार म्हणे हे थेंबच ओढून घेणार होते.

"आई, अहो रक्तात साखर वाढलीय म्हणून वरून आणखी साखर चाटायची?" मी विचारलं.

"ही झाडाची साखर आहे. दुकानातली नाही."

"पण रक्ताला दुकान कळतं का?"

"तुलाच काय ते सगळं कळतं," असं म्हणून त्या लंगडत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, आईचं मन कशाला दुखवतेस?"

"मन राहील शाबूत, अंगठा जाईल," मी म्हटलं. त्यानं पेपर तोंडासमोर धरला. आमच्या घरात अवघड प्रश्नाला हेच उत्तर असतं.

वास्तविक पहिल्याच दिवशी मी पान उलटून बघितलं होतं आणि ही कीड आहे, कीड आहे म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. ऐकतंय कोण? शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, ती असंच बोलणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. शेवटी रविवारी मी तळमजल्यावरच्या घड्याळजींना गाठलं. बुवांचे ते पहिले भक्त. रांग लावायचं काम त्यांच्याकडे होतं.

"काका, तुमचं भिंग घेऊन जरा झाडापाशी येता?"

"कशाला?"

"अंगारा जवळून बघायला. तुमच्याइतकी बारीक नजर कुणाची आहे?"

घड्याळजी खूश होऊन डोळ्याला भिंग लावूनच बाहेर आले. रांग भरात होती. मी सरळ पुढे गेले आणि सगळ्यांदेखत एक पान उलटं केलं. बायका मागे सरकल्या.

"बाई, डोळे गमावलेत तुम्ही," बुवा गरजले.

मी पर्समधून सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि तिच्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवली. "दिसतंय की, बुवा. खरं तर गेले असते तर बरं झालं असतं, घरी तपासायच्या वह्यांचा ढीग पडलाय. काका, आता तुम्ही बघा."

घड्याळजी घुटमळले. पण उघडं घड्याळ समोर आलं की आत डोकावल्याशिवाय या माणसाला राहवत नाही. ते वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पूड हलतेय," ते म्हणाले.

"अंगारा कसा हलेल?" रांगेतल्या शिंपीणबाईंनी विचारलं.

"पाय आहेत त्याला. सोंड पानात खुपसून बसलाय, रस पितोय. आणि मागून थेंब सोडतोय. मुंगी आली. तिनं तो प्यायला."

"मागून म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

घड्याळजींनी भिंग काढलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "मागून म्हणजे मागूनच, वहिनी."

मग अंगणात थुंकण्याचा जो आवाज सुरू झाला, तो नळाचं पाणी जाईपर्यंत चालला. त्या गडबडीत मी सांगून टाकलं: याला पिठ्या ढेकूण म्हणतात. पांढरी पूड हे त्याचं मेणाचं पांघरूण. गोड थेंब म्हणजे त्याची विष्ठा. काजळ म्हणजे त्या गोडावर वाढलेली बुरशी. मुंग्या त्याची राखण करतात, कारण त्यांना फुकट खायला मिळतं.

"कीटकाच्या रूपातसुद्धा तोच असतो," बुवांनी शेवटचा प्रयत्न केला.

"मग हा ताजा थेंब घ्या," मी पान पुढे केलं.

"आज आमचा उपवास आहे."

"तुम्हाला चाटताना मी एकदाही बघितलं नाही," शिंपीणबाई सावकाश म्हणाल्या. "म्हणजे पाठ तुम्ही आधीच बघून ठेवली होतीत." बुवांनी खुर्ची मागे सारली. ते उठले आणि कुणाकडेही न बघता फाटकाबाहेर पडले.

सासूबाई रोपापाशीच उभ्या होत्या. "आजारी होतं गं हे," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याला आंघोळसुद्धा घालू दिली नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही राहवलं नाही. आम्ही दोघींनी मिळून किडलेले शेंडे कापले, साबणाच्या पाण्यानं पानं दोन्ही बाजूंनी धुतली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला चिकट पट्टी बांधली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी जखम साफ केली. आणखी उशीर केला असता तर बोट कापावं लागलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळ्या त्याच दिवसापासून सुरू झाल्या.

बाहेर बाकावर सासूबाईंनी मला विचारलं, "इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होते, आई."

"सांगत नव्हतीस, ओरडत होतीस. दाखवलंस फक्त आज."

म्हणून आता आवाज न चढवता एवढंच विनवते: कुणी काही बघू नका म्हणालं, तर आधी नेमकं तेच बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस फसत असेल, तर त्याचा हात धरून त्यालाही दाखवा.