तटबंदीचं चर्च आणि शुक्रवारचं विमान

आमटीत मीठ दोनदा.

किल्ल्याचा जिना उजवीकडे वळत वर जातो, म्हणजे खालून येणाऱ्या शत्रूचा तलवारीचा हात भिंतीला अडतो. असं गाइड सांगतात.

फ्रँकफर्ट विमानतळावर एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर जायला ड्रायव्हर नसलेली गाडी आहे.

सोललेलं संत्रं कचऱ्याच्या डब्यात. सालं ताटलीत, नीट रचून.

"नाव काय गं बाळ तुझं?"

आयुष्यभर वीज मंडळाचं सबस्टेशन सांभाळलेला माणूस. बाथरूमच्या दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपतोय.

हे तुकडे मी मनात एका ओळीत लावत होते. ओळ लागत नव्हती. खरं म्हणजे लागत होती, पण मला ती नको होती.

*

जुलै २००५, शनिवार. जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधल्या आमच्या मराठी मंडळाने आई-बाबांची सहल काढली होती. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक मराठी घरात कोणाचे ना कोणाचे आईवडील आलेले असतात. मुलं गाड्यांच्या कारखान्यात, सुना कामावर, आणि म्हातारी माणसं बाल्कनीत बसून कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात जातो ते पाठ करत असतात. तेव्हा एक बस, एक गाइड, दोन किल्ले आणि शेवटी तटबंदी असलेलं एक चर्च.

हरीशला शनिवारीही काम होतं. मी, सात वर्षांची सुरुची आणि बाबा. बाबा म्हणजे माझे सासरे.

बाबा शुक्रवारी परत जाणार होते. एकटे. फ्रँकफर्टहून मुंबई, मुंबईहून नाशिक, आणि नाशिकला त्यांच्या फ्लॅटमध्ये पुन्हा एकटे. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आले तसे जातील," हरीश म्हणाला होता. "या वयात सगळेच विसरतात. मी नाही का रोज गाडीची किल्ली शोधत?"

"तू मुलीला तिचं नाव विचारत नाहीस."

"ते मस्करी करत असतील गं. बाबांना सवय आहे."

म्हणून मी ठरवलं होतं. आजचा दिवस सरळ गेला तर गप्प बसायचं. नाही गेला तर तिकीट रद्द करायला लावायचं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. बसमध्ये बाबांच्या शेजारी बसून मी त्यांच्याकडे बघत होते.

"काय गं," ते म्हणाले, "माझ्या तोंडाला काही लागलंय का?"

"नाही, बाबा."

"मग परीक्षेच्या सुपरवायझरसारखी काय बघतेस? कॉपी नाही करत मी."

*

पहिला किल्ला. (इथे मला सगळं सरळ सांगता येईल, कारण इथे काहीच झालं नाही.)

गाइड फ्राउ केसलर, म्हणजे केसलरबाई, जर्मनमध्ये बोलायच्या आणि मंडळाच्या सेक्रेटरी शुभाताई मराठीत सांगायच्या. फ्राउ केसलर बराच वेळ बोलल्या की शुभाताई म्हणायच्या, "जुना आहे."

"याला किल्ला म्हणतात?" मंडळातल्या कपिलचे बाबा म्हणाले. ते पुण्याचे होते. "बस पार दरवाजापर्यंत आली! आपला राजगड चढवा म्हणावं यांना."

"इथे लिफ्ट आहे हो," कुणाची तरी आई म्हणाली. "माझ्या गुडघ्यांना हाच किल्ला बरा."

विहिरीपाशी सगळे वाकून खाली बघत होते. बाबा वाकले नाहीत. त्यांनी विचारलं, "वेढा पडल्यावर पाणी कोण ओढायचं? माणसं की जनावर?"

शुभाताईंनी भाषांतर केलं. फ्राउ केसलर खूश झाल्या. गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाल्या, आणि लाकडी चाकात गाढव कसं चालवायचे ते हात फिरवून दाखवू लागल्या.

"चांगला प्रश्न विचारलात, हरीशचे बाबा," शुभाताई म्हणाल्या.

मला एकदम भूक लागली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हे तेव्हा कळलं.

*

दुसरा किल्ला. पडका. तिथे दशम्या आणि लिंबाचं लोणचं. बाबांनी स्वतःचं पान स्वतः वाढून घेतलं, लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवून घट्ट लावलं. मी झाकणाकडे बघत राहिले. माणूस बरा असल्याची ही खूण आहे की नाही?

सुरुची माझ्या कानाशी आली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. आजोबांना टॉयलेट दाखवायला मी तिला पाठवलं होतं. ती म्हणाली, ओपा, म्हणजे आजोबा, तिथे पुन्हा तो खेळ खेळले.

"कोणता खेळ?"

मी कोण, ते ओळखायचं नाही, असा.

"आणि मग?"

मग मी सांगितलं, ती म्हणाली. मी नेहमी सांगते. मग ते म्हणतात, हो हो, माहीत आहे मला.

नेहमी.

*

चर्च.

बाहेरून ते चर्च वाटत नव्हतं. जाड तट, बुरूज, एकच अरुंद दरवाजा. आत मधोमध चर्च आणि तटाला आतून लागून दगडी कोठ्यांची रांग. गावातल्या प्रत्येक घराची एक कोठी. एरवी तिथे धान्य ठेवायचं. लुटारू आले की घंटा वाजायची आणि सगळं गाव आत. म्हातारी माणसं आणि पोरं आधी कोठीत.

"अंधारातसुद्धा आपली कोठी कुठली ते प्रत्येकाला ठाऊक असायचं," शुभाताईंनी सांगितलं.

सुरुचीच्या बुटाची नाडी सुटली होती. मी खाली वाकले. नाडी बांधली. दुसऱ्या बुटाचीही घट्ट केली.

उभी राहिले.

*

पुन्हा: खाली वाकले. नाडी. दुसरा बूट. उभी राहिले.

एवढाच वेळ.

*

"बाबा?"

चर्चच्या आत नाहीत. वेदीमागे नाहीत. टॉयलेटमध्ये नाहीत. बाहेर बसजवळ नाहीत. ड्रायव्हर सिगारेट ओढत होता, त्याने मान हलवली.

दरवाज्याबाहेर लगेच रस्ता होता. त्यावरून गाड्या जोरात जात होत्या.

"बाबा!"

चार बाबांनी वळून पाहिलं. "ओ!" कपिलचे बाबा म्हणाले.

"तुम्ही नाही हो काका, आमचे बाबा!"

"आपापले आई-बाबा बघून घ्या हो सगळ्यांनी!" शुभाताईंनी आवाज दिला. मग सगळेच ओरडायला लागले. बाबा, अहो बाबा, हरीशचे बाबा! तटाला आपटून आवाज परत येत होता आणि प्रत्येक हाकेला भलताच कोणीतरी ओ देत होता.

"नाव काय त्यांचं?" फ्राउ केसलर यांनी मला विचारलं.

शुभाताई माझ्याकडे बघत होत्या. मंडळात दोन महिन्यांत बाबांचं नाव कुणीच विचारलं नव्हतं. ते हरीशचे बाबा होते.

"हेर सोनटक्के," मी म्हणाले. हेर म्हणजे श्रीयुत.

"हेर सोनटक्के!" फ्राउ केसलर यांनी हाक मारली. दवाखान्यात पुढच्या पेशंटला बोलावतात तशी. "हेर सोनटक्के, बिटं!"

"अगं, पाळण्यातलं नाव सांग ना तिला," शुभाताई म्हणाल्या. "घाबरलेला माणूस आडनावाला ओ देतो का?"

ते नाव मी लिहिलंय. व्हिसाच्या कागदांवर, विम्याच्या कागदांवर, आमंत्रणाच्या पत्रावर. लिहिताना काही वाटत नाही. पण तोंडातून ते एकदाही निघालं नव्हतं. कुणी सक्ती केली नव्हती. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करणारी, नवऱ्याला अरे म्हणणारी, देवधर्म न करणारी बाई. तरी अकरा वर्षांत नाही. माझ्या आईच्या तोंडातून तिच्या सासऱ्यांचं कधी निघालं नाही, बस, एवढंच कारण.

"मी कोठ्या बघते," मी म्हणाले आणि सुरुचीला शुभाताईंकडे सोपवलं.

*

कोठी. कुलूप.

कोठी. कुलूप.

कोठी. आत गवत कापायचं यंत्र.

कोठी. कुलूप. (हरीशला फोन करावा का? काय सांगू? तुझे बाबा हरवले. कुठे? किल्ल्यात. किल्ल्यात माणूस कसा हरवतो, शैला, त्याला भिंती असतात.)

कोठी. दार थोडं उघडं.

आतून आवाज येत होता. हलका, एका सुरात.

"...पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव..."

थांबला. पुन्हा सुरू झाला.

"...चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव..."

पावकी, पावाचा पाढा. माझ्या पिढीला ती येत नाही. मी दाराला हात लावला. आत अंधार, ओल्या दगडाचा वास. कोपऱ्यात ते मांडी घालून बसले होते. भिंतीकडे तोंड करून.

"बाबा," मी म्हणाले.

"...सहा पाव दीड, सात पाव..."

"बाबा, मी शैला. चला ना."

त्यांचे खांदेही हलले नाहीत. ऐकू येत नव्हतं असं नाही. ज्याला मी हाक मारत होते तो माणूस तिथे नव्हताच. त्यांचा आवाज बारीक होत चालला होता, रडण्याच्या बेतात आल्यासारखा. बाहेर हेर सोनटक्के, हेर सोनटक्के चालू होतं.

मी दारातच उभी राहून म्हणाले,

"दिनकर!"

पावकी थांबली.

"दिनकर, बाहेर ये."

"आलो गं ताई!" ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "झाली माझी. सगळी झाली. सात पावाला फक्त अडतंय."

*

ते उठले, गुडघ्यावर हात टेकून, अडुसष्ट वर्षांच्या माणसासारखे. उजेडात आले. माझ्या जीन्सकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर येताना मला दिसलं. ते बघायला नको होतं, पण मी बघत राहिले.

"शैला," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"तू हाक मारलीस? नावानं?"

"हो."

"घोर कलियुग," ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. त्यांच्या टोपीला जळमट लागलं होतं, ते मी काढलं.

मग ते हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नकोस."

"नावाचं?"

"नावाचं नाही."

आम्ही कोठीच्या दारात उभे होतो. लांबून कपिलचे बाबा ओरडले, "सापडले! अहो, काय लपाछपी खेळता काय या वयात?"

"जागा बघत होतो," बाबांनी त्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलं. "पुढच्या वेढ्याला!"

सगळे हसले. बाबांनी हात वर केला, नेत्यासारखा. आणि तोच हात खाली घेताना माझं मनगट घट्ट धरलं.

"शुक्रवारी मला जाऊ दे, शैला," ते म्हणाले. "तिथे मला सगळं ठाऊक आहे. दूधवाला, जिना, सगळं. इथे मी गोंधळतो, एवढंच. तिथे नाही होणार असं."

मी मनगट सोडवून घेतलं नाही.

*

बस सुटल्यावर हरीशचा फोन आला.

"काय मग? किल्ले सर झाले का?"

बाबा खिडकीजवळ. मी मध्ये. सुरुची माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

हरीशचं आणि माझं एक ठरलेलं आहे. बाबांसमोर बाबांबद्दल बोलायचं असेल तर जर्मनमध्ये बोलायचं. कसं सुरू झालं आठवत नाही. त्यांची औषधं, विम्याचा खर्च, त्यांचं घोरणं. ते शेजारी बसून वरणभात खात असायचे आणि आम्ही दोघं त्यांच्या डोक्यावरून.

आल्झो (तर मग), मी म्हणाले, आणि जर्मनमध्ये सांगितलं की तिकीट रद्द कर.

"काय? का? काय झालं?"

सुरुचीने डोकं उचललं. तिला कळलं होतं. ओपा राहणार? तिने विचारलं.

मी बाबांकडे पाहिलं. ते बाहेर बघत नव्हते. माझ्या ओठांकडे बघत होते, मी सकाळपासून त्यांच्याकडे बघत होते तसे. एखादा शब्द तरी ओळखीचा निघतो का, हे शोधत.

"शैला? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," मी म्हणाले. मग मराठीत, सावकाश, शेजारच्या सीटवर नीट ऐकू जाईल असं सांगितलं. "हरीश, बाबा एकटे जाऊ शकणार नाहीत. आज ते हरवले होते. सुरुचीला ते ओळखत नाहीत, कधी कधी. बरेचदा. सोमवारी डॉक्टरची अपॉइंटमेंट घे. मस्करी नाहीये ती."

पुढच्या सीटवरच्या शुभाताई मागे वळल्या आणि लगेच पुढे बघू लागल्या.

"ते आहेत का तिथे?" हरीशने विचारलं. "शेजारी?"

"हो."

"आणि तू मराठीत बोलतेयस?"

"हो."

बाबांनी हात पुढे केला. मला वाटलं, फोन मागताहेत. मी दिला. त्यांनी तो कानाला लावला नाही. काही वेळ तळहातावर ठेवून बघितला, हरीशचा आवाज त्यातून बाबा, बाबा करत होता. मग त्यांनी तो मला परत दिला.

"तूच बोल," ते म्हणाले. "मला काय बोलायचं ते आता सुचत नाहीये."

आणि थोड्या वेळाने, खिडकीकडे तोंड फिरवून: "रद्द केलं तर पैसे कापतात का गं?"

"कापू देत, बाबा."

कोठीत बाबांनी जिला ओ दिली, त्या त्यांच्या थोरल्या बहिणीचं नाव प्रभा. १९४६ च्या उन्हाळ्यात ती विषमज्वराने गेली, तेव्हा बाबा नऊ वर्षांचे होते.